स्टे आणलाय का?

बेलीफ आला तेव्हा दुकानदार नुकताच गल्ल्यावरच्या तसबिरीला उदबत्ती ओवाळत होता. बेलीफाच्या मागे जागेचे मालक, त्यांच्या वकिलांचा कारकून, गल्लीतलेच दोन पंच आणि हातोडी-छिन्नीची पिशवी घेतलेला कुलूपवाला. सगळे एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखणारे, म्हणून कुणीच कुणाकडे सरळ बघत नव्हतं. बेलीफाने कब्जा वॉरंट वाचायला घेतलं. दुकानदाराने ते पुरतं ऐकूनही घेतलं नाही. काउंटरखालून प्लास्टिकचं फोल्डर काढलं आणि अपील दाखल केल्याची पावती पुढे केली.

"साहेब, आम्ही अपील टाकलंय. हा बघा नंबर."

"स्टे आणलाय का?"

"आता अपील टाकलंय म्हटल्यावर..."

"अपील वेगळं, स्टे वेगळा. अपिलाची तारीख कधीची?"

"पुढच्या महिन्यातली."

"मग आज मला थांबवणारं काय आहे तुमच्याकडे?"

प्रसंग माझा रचलेला आहे, पण तालुका कोर्टाच्या आवारात चहा पिणाऱ्या कुणालाही तो खोटा वाटणार नाही. निकाल विरुद्ध गेला, वरच्या कोर्टात अपील दाखल झालं, म्हणजे खालचा निकाल आपोआप थांबला, ही समजूत फार जुनी आणि फार महाग आहे. शिकलेल्या माणसांचीही असते. तिच्यामागचं तर्कशास्त्र साधं वाटतं: निकाल बरोबर की चूक हेच अजून ठरायचं आहे, तर त्याची अंमलबजावणी कशी होईल?

कायद्याने याचं उत्तर नेमकं उलटं दिलं आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतला ४१ वा आदेश अपिलांबद्दलचा आहे. त्याचा ५ वा नियम सुरुवातीलाच सांगतो की केवळ अपील केलं म्हणून हुकूमनाम्याची अंमलबजावणी थांबत नाही. थांबवायची असेल तर अपील न्यायालयाने पुरेसं कारण पाहून तसा वेगळा आदेश द्यायला हवा. म्हणजे अपिलासोबत स्थगितीचा स्वतंत्र अर्ज, त्यासोबत प्रतिज्ञापत्र, आणि त्या अर्जावर स्वतंत्र सुनावणी. आमच्याकडच्या कोर्टांत हा अर्ज बहुधा 'निशाणी ५' म्हणून ओळखला जातो आणि अपिलापेक्षा त्याच्याच सुनावणीला पक्षकारांची गर्दी जास्त असते. कारण अपिलाचा निकाल लागेल तेव्हा लागेल. पुढची चार-पाच वर्षं जागेत कोण बसणार, हे निशाणी ५ वर ठरतं.

हा नियम निर्दय वाटतो, पण जिंकलेल्याच्या बाजूने एकदा पाहा. त्याने दावा लावला, पंधरा वर्षं तारखा केल्या, साक्षी दिल्या, उलटतपासण्या सोसल्या आणि हुकूमनामा मिळवला. तरी हातात काहीच नाही, कारण हुकूमनाम्याच्या अंमलासाठी पुन्हा दरखास्त दाखल करावी लागते. भारतातल्या पक्षकाराच्या खऱ्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, असं लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्येच म्हणून ठेवलं आहे. दीडशे वर्षांनी, एप्रिल २०२१ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की दरखास्त दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकाली काढा. यात नुसत्या अपिलाच्या पावतीने अंमल थांबणार असता, तर पावतीच्या किमतीत दहा वर्षं विकत मिळाली असती.

सगळ्या देशांनी हाच मार्ग धरलेला नाही. फ्रान्समध्ये दिवाणी खटल्यात अपील केलं की निकालाचा अंमल थांबणं, हाच दीर्घकाळ सर्वसाधारण नियम होता. १ जानेवारी २०२० पासून दाखल झालेल्या खटल्यांसाठी तो त्यांनीही उलटवला. आता तिथेही पहिल्या न्यायालयाचा निकाल बहुतेक बाबतींत लगेच अमलात येतो आणि थांबवायचा असेल तर हरलेल्याने मागणी करावी लागते.

आपल्याकडे मागणी केली की न्यायालय काय बघतं? तीन गोष्टी. स्थगिती दिली नाही तर मागणाऱ्याचं मोठं नुकसान होईल का. त्याने वेळ न घालवता अर्ज केला का. आणि हुकूमनामा शेवटी कायम झाला तर तो पाळण्याची हमी, म्हणजे तारण, तो देतो आहे का. यातल्या मधल्या अटीवर फार बोलण्यासारखं नाही. बेलीफ दारात आल्यावर जाग आलेल्या माणसाला न्यायाधीश विचारणारच की निकालाची नक्कल दोन महिन्यांपूर्वी मिळाली, तोवर काय करत होतात? शिवाय अपीलच मुदतीनंतर दाखल केलेलं असेल, तर आधी तो विलंब माफ करायचा की नाही आणि अपील ऐकायचं की नाही हे ठरतं. तोवर स्थगिती देता येत नाही. निकाल देणारं न्यायालयही अपिलाच्या मुदतीपुरती स्वतःच्या हुकूमनाम्याला स्थगिती देऊ शकतं. म्हणून जाणते वकील निकाल ऐकताच, न्यायाधीश खुर्चीवरून उठायच्या आत, तोंडी विनंती करतात. अपिलाची मुदत जिल्हा न्यायालयात ३० दिवस, उच्च न्यायालयात ९० दिवस. एवढा श्वास मिळाला तरी पुष्कळ असतो.

खरी मेख आहे तिसऱ्या अटीत. स्थगिती ही उसनवारी आहे. हरलेला माणूस जिंकलेल्याकडून वेळ उसना घेतो, तोही न्यायालयामार्फत आणि बहुधा जिंकलेल्याच्या मर्जीविरुद्ध. सावकार तारण ठेवल्याशिवाय पैसे देत नाही, तर न्यायालयाने दुसऱ्याचा वेळ बिनतारणी का द्यावा?

पैशाच्या हुकूमनाम्यात हे सरळ असतं. रक्कम न्यायालयात भरा किंवा बँक हमी द्या. ते न केल्यास स्थगिती मिळणार नाही, असं त्याच ५ व्या नियमात लिहिलं आहे. रक्कम न भरल्यामुळे अपील फेटाळलं जात नाही, ते चालूच राहतं. मात्र तोवर समोरचा तुमचं खातं जप्त करायला मोकळा असतो. पुढे पुढे इतर कायद्यांनी हीच कल्पना उचलून दारातच ठेवली. ग्राहक आयोगाच्या निकालावर अपील करायचं तर २०१९ च्या कायद्याप्रमाणे निम्मी रक्कम आधी भरा. चेक न वटल्याच्या खटल्यात दोषी ठरून अपिलात गेलात, तर भरपाईच्या किंवा दंडाच्या किमान २० टक्के रक्कम भरायला सांगण्याचा अधिकार न्यायालयाला २०१८ पासून आहे. मोटार अपघात भरपाईवरच्या अपिलासाठी २५,००० रुपये किंवा निम्मी रक्कम, यातलं जे कमी असेल ते.

तारणाची अट किती जीवघेणी होऊ शकते, याचं उदाहरण मात्र अमेरिकेतलं आहे. गेटी ऑइल ही कंपनी पेन्झॉइल घेणार, असं १९८४ च्या जानेवारीत ठरत आलं होतं. टेक्साको मध्ये पडली आणि तिनेच ती विकत घेतली. पेन्झॉइलने ह्यूस्टनमध्ये दावा लावला आणि १९८५ च्या अखेरीस निकाल लागला: टेक्साकोने १० अब्ज ५३ कोटी डॉलर द्यावेत. आता अपील. टेक्सास राज्याच्या तेव्हाच्या नियमाप्रमाणे अंमल थांबवायचा तर निकालाची सगळी रक्कम, वर व्याज आणि खर्च, एवढ्याचं हमीपत्र द्यायला हवं. एवढी हमी घेणारं जगात कुणी नव्हतं. गंमत अशी की टेक्साको देशातल्या सर्वांत मोठ्या तेल कंपन्यांपैकी एक. ती काही दिवाळखोर नव्हती. ती केंद्रीय न्यायालयात गेली आणि तिथे हमी १ अब्जावर आणून घेतली. पण ६ एप्रिल १९८७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की राज्याच्या न्यायालयात चाललेल्या प्रकरणात केंद्रीय न्यायालयाने असा हात घालायला नको होता. सहाच दिवसांनी, १२ एप्रिलला, टेक्साकोने दिवाळखोरीचा अर्ज केला. कर्ज फिटत नव्हतं म्हणून नव्हे. स्थगितीची किंमत परवडत नव्हती म्हणून. दिवाळखोरीच्या कायद्यात वसुली आपोआप थांबते, म्हणजे जी स्थगिती अपिलाच्या दारातून मिळाली नाही ती तिने मागच्या दाराने घेतली. त्याच वर्षाच्या शेवटी प्रकरण ३ अब्ज डॉलरवर मिटलं. टेक्सासने २००३ मध्ये हमीला अडीच कोटी डॉलरची कमाल मर्यादा घातली.

आपल्याकडे हा प्रश्न अब्जावधी डॉलरचा नसतो. तो असतो चौकातल्या दुकानाचा आणि जुन्या भाड्याचा. दिल्लीच्या कनॉट प्लेस भागातल्या एका जागेचं भाडं होतं महिना ३७१ रुपये ९० पैसे. भाडेकरूविरुद्ध जागा खाली करण्याचा आदेश झाला, तो अपिलात गेला. अपील न्यायाधिकरणाने स्थगिती दिली, पण अट घातली: करारातल्या भाड्याशिवाय महिना १५,००० रुपये भरा. भाडेकरूला हे अन्यायाचं वाटलं आणि उच्च न्यायालयाने ती अट काढूनही टाकली. युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो. भाडं कायद्याने गोठलेलं आहे, तर अपील केल्याचा गुन्हा म्हणून चाळीसपट का द्यायचं? डिसेंबर २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट पुन्हा लावली. सरन्यायाधीश लाहोटी यांच्या निकालाचं सार असं: जागा सोडण्याचा आदेश झाल्या दिवसापासून भाडेकरू हा भाडेकरू राहत नाही. त्यापुढे तो जागा वापरतो ती न्यायालयाने थांबवून धरलेल्या वेळात. त्या वेळेचा मोबदला जुन्या कराराने ठरत नाही, मालकाला ती जागा आज दुसऱ्याला देऊन जे मिळालं असतं त्यावरून ठरतो.

या एका निकालाने मुंबई-पुण्यातल्या पागडीच्या जगात काय उलथापालथ झाली, ते तिथल्या वकिलांना विचारा. तोवर हरलेल्या भाडेकरूला अपील हा फायद्याचा सौदा होता. अपील जितकं लांबेल तितकं बरं, शेवटी हरलो तरी मधली वर्षं शे-दीडशे रुपयांत पदरात पडली. आता अपील लांबलं की मीटर पळायला लागला.

पाच वर्षांनी हाच प्रश्न तीन न्यायमूर्तींपुढे गेला आणि तेव्हा भाडेकरू होतं खुद्द महाराष्ट्र शासन. मुंबईतल्या एका खासगी जागेचं ते महिना पाच हजारांच्या आसपास भाडं देत होतं. जागा सोडण्याच्या हुकूमनाम्याविरुद्ध ते उच्च न्यायालयात गेलं. उच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि महिना ५ लाख ४० हजार रुपये भरायला सांगितलं. ऑगस्ट २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही अट कायम केली. मला या प्रकरणात रकमेपेक्षा पक्षकार महत्त्वाचा वाटतो. दिवाणी संहितेत सरकारकडून अशा प्रकारचं तारण मागू नये असा एक जुना नियम आहे, इंग्रजांच्या राज्याचा वारसा. सरकार बुडणार नाही म्हणून हमी नको, असा त्यामागचा भाव. पण मालकाला भीती सरकार बुडण्याची नसते, सरकार न हलण्याची असते. लवादाच्या निवाड्यांपुरतं तरी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की तिथे स्थगिती मागताना सरकारला वेगळी वागणूक नाही.

आपल्या दुकानदाराकडे परत जाऊ. त्याने वकिलांना फोन केला आहे. वकील जिल्ह्याच्या गावी, साठ किलोमीटरवर. त्यांनी तातडीची पुरशीस देऊन अपील बोर्डावर घेतलं आणि समजा सव्वा वाजता जिल्हा न्यायाधीशांनी, समोरच्या बाजूचं म्हणणं येईपर्यंत, तात्पुरती स्थगिती दिली. इकडे दुकानात बेलीफ पंचनामा लिहितो आहे. समजा दोन वाजता त्याने कुलूप बदलून किल्ली मालकाच्या हातात दिली. आदेश सव्वाचा, कब्जा दोनचा. मग हा कब्जा कायदेशीर की बेकायदा?

सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्येच या गाठीची उकल केली आहे. मनाई हुकूम माणसाला असतो, स्थगिती न्यायालयाला असते. वरचं न्यायालय खालच्या न्यायालयाला सांगतं, पुढे जाऊ नको. ज्याला सांगितलं त्याला कळल्याशिवाय त्याचे हात बांधले जात नाहीत. तेव्हा बातमी पोचण्याआधी झालेला कब्जा बेकायदा ठरत नाही. मात्र न्यायालयाला वाटलं तर ते आपल्या अंगभूत अधिकारात झालेलं पुन्हा पूर्ववत करू शकतं. म्हणूनच १९७६ च्या दुरुस्तीने संहितेत एक अतिशय व्यवहारी सोय घातली: स्थगितीचा लेखी आदेश पोचेपर्यंत, असा आदेश झाल्याचं मला स्वतःला माहीत आहे असं अपिलार्थीने प्रतिज्ञापत्र केलं, तर खालच्या न्यायालयाने त्यावर विश्वास ठेवून थांबायचं. ही दुरुस्ती कुणा तरी बसस्टँडवर धावलेल्या कारकुनाची आठवण ठेवून केली असावी, असं मला नेहमी वाटतं. तुलनेने आजचा काळ सोपा आहे. मार्च २०२२ पासून सर्वोच्च न्यायालयाने जामिनाचे आणि स्थगितीचे आदेश इलेक्ट्रॉनिक मार्गाने थेट पोचवण्याची 'फास्टर' नावाची व्यवस्था सुरू केली. त्याआधी सुटकेचा आदेश होऊनही कागद आला नाही म्हणून कैदी आग्र्याच्या तुरुंगात अडकून पडले होते.

समोरच्या बाजूलाही एक हत्यार आहे. मालकाने हुकूमनामा मिळताच जिल्हा न्यायालयात कॅव्हेट दाखल करून ठेवलं असतं, तर त्याला नोटीस दिल्याशिवाय सव्वाची ती एकतर्फी स्थगिती मिळालीच नसती. कॅव्हेट ९० दिवस चालतं. बहुतेकांना ते आठवतं एक्याण्णवाव्या दिवशी.

स्थगितीबद्दल लिहायचं आणि १९७५ चा जून टाळायचा, हे शक्य नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्या. जगमोहनलाल सिन्हा यांनी १२ जूनला पंतप्रधान इंदिरा गांधी यांची रायबरेलीतली १९७१ ची निवडणूक रद्द केली आणि त्यांना सहा वर्षांसाठी अपात्र ठरवलं. त्याच दिवशी, त्याच न्यायमूर्तींनी, आपल्याच निकालाला २० दिवसांची स्थगिती दिली. कारण सांगितलं गेलं ते असं की सत्ताधारी पक्षाला नवा नेता निवडायला वेळ हवा. निकालाइतकीच ही स्थगिती मला मोठी वाटते. देशाच्या पंतप्रधानांना पदावरून हलवणारा निकाल देणारा माणूस त्या निकालाला वीस दिवस थांबवतो, कारण चूक दुरुस्त होण्याआधी घडी विस्कटू नये, एवढंच.

मग सर्वोच्च न्यायालय. उन्हाळ्याची सुट्टी, सुट्टीतले न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर. त्यांनी पुढे सांगितलं आहे की कायदामंत्री ह. रा. गोखले यांनी फोन करून भेटायची वेळ मागितली. गोखले स्वतः मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश. कशासाठी भेटायचं, असं विचारल्यावर अपिलाचा विषय निघाला. अय्यर यांनी सुचवलं की भेटायची गरज नाही, अपील रजिस्ट्रारकडे दाखल करा. इंदिराजींच्या बाजूने नानी पालखीवाला उभे राहिले, मूळ याचिकाकर्ते राजनारायण यांच्या बाजूने शांतिभूषण. पालखीवालांनी बिनशर्त स्थगिती मागितली.

२४ जूनला मिळाली ती शर्तींसह. इंदिरा गांधी पंतप्रधान राहू शकतात. मंत्री म्हणून संसदेत बोलू शकतात. खासदार म्हणून हजेरीपटावर सही करू शकतात, कारण साठ दिवस सभागृहाच्या परवानगीशिवाय गैरहजर राहिल्यास जागाच रिकामी होऊ शकते. पण मत देता येणार नाही आणि खासदार म्हणून मानधन घेता येणार नाही. हे काही खास त्यांच्यासाठी शिवलेलं वस्त्र नव्हतं. निवडणूक रद्द झालेल्या खासदार-आमदारांच्या अपिलांत सर्वोच्च न्यायालय साधारण अशाच साच्यातली स्थगिती देत असे. अपील जिंकलं तर जागा शाबूत, हरलं तर मधल्या काळात अपात्र माणसाचं मत कुठे पडलं नाही. निशाणी ५ वरच्या महिना अमुक रुपयांच्या अटीसारखीच ही अट, फक्त तारण पैशाचं नव्हतं, मताचं होतं.

एरवी ही मधली वाट दोन्ही बाजूंनी कुरकुरत का होईना स्वीकारली असती. विरोधकांनी म्हटलं, मत नसलेला पंतप्रधान कसला? सरकारी गोटाने म्हटलं, पद तर शाबूत आहे. दुसऱ्या दिवशी रात्री आणीबाणी जाहीर झाली. पालखीवालांनी वकीलपत्र परत केलं. पुढे संसदेने निवडणूक कायदाच मागल्या तारखेपासून बदलला, राज्यघटनेत दुरुस्ती करून हे प्रकरण न्यायालयाच्या कक्षेबाहेर काढण्याचाही प्रयत्न केला. ७ नोव्हेंबर १९७५ ला पाच न्यायमूर्तींनी, त्यांत पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते, घटनादुरुस्तीचा तो भाग रद्द केला आणि बदललेल्या कायद्याच्या आधाराने अपील मात्र मान्य केलं. स्थगिती देताना न्यायालय एक गोष्ट गृहीत धरतं, ती म्हणजे मधल्या काळात पट तोच राहील. इथे मधल्या काळात पटच बदलला.

त्या जूनमधली आणखी एक बारकाई अजून गोंधळ घालते: नेमकं काय थांबलं? निकाल रद्द होणं वेगळं आणि थांबणं वेगळं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये एका मोपेड कंपनीच्या प्रकरणात समजावून सांगितलं. रद्द झालेला आदेश जणू कधी नव्हताच. स्थगित आदेश मात्र असतो, फक्त चालत नाही. लंबक हाताने धरून ठेवल्यासारखं. घड्याळ मोडलेलं नसतं. फौजदारी प्रकरणात तर आणखी एक पदर सुटतो. २३ मार्च २०२३ रोजी सुरतच्या न्यायालयाने राहुल गांधी यांना दोन वर्षांची शिक्षा दिली आणि अपिलासाठी ती लगेच ३० दिवस स्थगितही केली. तरी दुसऱ्या दिवशी त्यांची खासदारकी गेली. थांबली होती शिक्षा. दोषसिद्धी चालूच होती आणि अपात्रता दोषसिद्धीला चिकटलेली असते. ४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धीलाच स्थगिती दिली, तेव्हा खासदारकी परत आली.

आणि स्थगिती राहते किती दिवस? खरं तर पुढच्या तारखेपर्यंत, पण पुढची तारीख किती तारखांनी येते हे सर्वांना ठाऊक आहे. खालच्या न्यायालयांतले खटले थांबवणाऱ्या अशा स्थगित्यांना कंटाळून मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरळ सांगून टाकलं की खास कारण देऊन वाढवली नाही, तर स्थगिती सहा महिन्यांत आपोआप संपेल. हेतू चांगला, परिणाम विचित्र. उच्च न्यायालयाकडे सुनावणीला वेळ नाही म्हणून ज्याचा अर्ज पडून आहे, त्याचीच स्थगिती सहा महिन्यांनी गळून पडायची. शेवटी २९ फेब्रुवारी २०२४ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो निर्णय फिरवला. मुख्य निकाल न्या. अभय ओक यांनी लिहिला. मुंबई उच्च न्यायालयात त्यांनी अशा असंख्य स्थगित्या दिल्या आणि उठवल्या असतील. न्यायालयाच्या दिरंगाईची शिक्षा पक्षकाराला का, हा त्यातला साधा प्रश्न होता.

शेवटी अपील फेटाळलं गेलं तर? मधल्या स्थगितीने जे हातचं गेलं, ते परत मिळालं पाहिजे, हे २००३ च्या एका कोळसा-रॉयल्टी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने व्याजासकट वसूल करून दाखवलं. उलट झालं, म्हणजे स्थगिती न मिळता अंमल झाला आणि नंतर अपील जिंकलं, तर संहितेचं १४४ वं कलम आहे: जागा, पैसा, उत्पन्न, सगळं परत. कागदावर ही व्यवस्था बिनचूक आहे. प्रत्यक्षात दुकान परत मिळालं तरी गिऱ्हाईक परत मिळत नाही. 'मोठं नुकसान' या शब्दांवर भर देऊन वकील न्यायाधीशांपुढे घसा कोरडा करतात, तो यासाठीच.

आपल्या दुकानदारावर मात्र दुकान हातचं जाण्याची वेळ आली नाही. त्याच्या वकिलांनी दीड वाजता प्रतिज्ञापत्राचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. बेलीफाने तो नुसता पाहिला, पंचनामा अर्ध्यावर थांबवला आणि वकिलांना सांगितलं की कागद वॉरंट देणाऱ्या कोर्टात दाखल करा, तिथून मला सांगतील. तासाभरात तिथून सांगणं आलं. कुलूपवाल्याने हातोडी पिशवीत घातली.

पुढच्या आठवड्यात दोन्ही बाजू ऐकून आदेश पक्का झाला. मागची थकबाकी चार आठवड्यांत कोर्टाच्या नाझराकडे भरावी, आणि अपिलाचा निकाल होईपर्यंत दरमहा चालू बाजारभावाच्या अंदाजाने रक्कम भरत राहावी. एक हप्ता चुकला तर स्थगिती वेगळ्या आदेशाशिवाय संपेल. दुकानदार चलन घेऊन रांगेत उभा होता. मालक त्याच्या मागेच, कॅव्हेट कसं भरतात ते विचारायला आलेले. खिडकीजवळ तोच बेलीफ भेटला.

"आता काय करायचं आम्ही?" मालकांनी विचारलं.

"दर महिन्याच्या दहा तारखेला येऊन बघत जा," बेलीफ म्हणाला, "भरतोय का ते."